खोगीरभरती

तेलावीत सप्टेंबर. अंगणात द्राक्षांच्या पाट्या,
आणि वरच्या खोलीत ख्वाराम्झे
एका यंत्राचे सामान बाहेर काढते आहे,
जे यंत्र हातात धरता येत नाही.

आभासी म्हणतात त्याला. दुसऱ्या यंत्राच्या पोटात चालते.
पंखा नाही, पत्रा नाही, एक स्क्रू नाही,
तरी वजन आहे: नऊशे चाळीस एमबी.

पोचवायचे आहे वर, तुशेतीत, घाटापलीकडे,
इमेदाच्या छपरावरच्या पेटीत.
पेटीला सौर पत्रे दोन, रेडिओचा दुवा एक,
तोही सुताएवढा.
गाव म्हणते, दुपारनंतर इंटरनेट मरते.
कंपनी म्हणते, मरत नाही.
कुणीतरी जाऊन मोजायला हवे,
आणि जाणारा हलका हवा.

तिचे आजोबा मेंढ्या घेऊन घाट चढायचे.
चढणीआधी पडशी उपडी करून
एकेका वस्तूला विचारायचे:
तू कामाला येणार, की नुसती घोड्यावर बसणार?

आधी प्रिंटर गेला. आवाज गेला.
खिडक्या, चित्रे, ब्लूटूथ,
कुणीच न उघडलेली मदतपुस्तके.
मग गेली जगभरची घड्याळे.
यंत्राला आता दर वेळी उठल्यावर वाटते
की आज एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
वाटू दे. वेग मोजायला
सेकंद पुरतो, शतक लागत नाही.
खरी वेळ ती इथे वहीत टिपेल.

भाषांच्या यादीवर बोट थांबले.
तिची स्वतःचीही होती त्यात,
तेहतीस अक्षरे, वेलीच्या ताण्यांसारखी वळलेली.
ती उठली, चहा केला, प्याली,
कप धुतला,
आणि एंटर दाबले.

मग हाव सुटली. कमी करण्याचीही सुटते.
एकवीस. सतरा. चौदा.
चौदावर यंत्र उठलेच नाही.
काळ्या पडद्यावर कर्नलची घाबरगुंडी,
सुरुवात कुठून करायची तेच सापडेना.
खोगीरभरती समजून तिने जी फेकली
तो तंग होता:
एक चिमुकली लायब्ररी, जिच्यावर सगळे टेकलेले.
रात्री दोनला तो परत आवळला.
पंधरा.

कर्नल, नेटवर्कचा ड्रायव्हर, एक शेल,
आणि आयपर्फ.

"यात आहे तरी काय?" इमेदाने फोनवर विचारले.
"काही नाही. म्हणून तर वर आले."

दर दहा मिनिटांनी ते बाइट सोडायचे,
ज्यांत निरोप नाही, फोटो नाही,
कुणाचे लग्न नाही, कुणाचे आजारपण नाही.
वाट किती रुंद आहे ते बघायला
पाठवलेले रिकामे घोडे.

बेचाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस.
तीन वाजता तीन.
सातला पुन्हा चाळीस.
सोमवारी असे. बुधवारी असे. रविवारी नाही.
धुक्याला रविवार कळत नाही,
हे तिच्या लक्षात यायला दोन आठवडे गेले.
तोवर तिने कंपनीवर संशय घेतला,
उन्हावर घेतला,
चौदा आणि पंधराच्या मधल्या त्या एका रात्रीवरही घेतला.

"इमेदा, तीन वाजता तिथे काय होते?"
"काय होणार?"
"अँटेनासमोर."
तो गप्प. मागे बाईचा आवाज, भांड्यांचा आवाज.
"दारिको नमदे वाळत घालते."

ओली लोकर. रेडिओच्या लाटा
पिऊन टाकते ती, घटाघटा,
जशी पाणी पिते तशी.

अहवालात कारणाचा रकाना एवढासा.
तिने लिहिले: धुणे.
खोडले. लिहिले: अडथळा, स्थानिक स्वरूपाचा.
तेही खोडून पुन्हा धुणे लिहिले.

दोरी हलवायला दारिको तयार नाही.
म्हणाली, दोरी सासूच्या काळापासून आहे,
तुमची काठी परवा आली.
काठी सरकवा.